कात्रणाची मागची बाजू

सकाळी साडेसातला मी कात्री घेऊन बसतो
इंद्रभुवनाच्या मागल्या खोलीत.
नऊ पेपर, डिंकाची बाटली,
आणि साहेबांची फाइल, जी दहाला टेबलावर लागते.

पद: कनिष्ठ लिपिक, जनसंपर्क.
काम: सोलापूर चार बोटं रुंद करणं.
कापलं ते शहर.
उरलं त्यात कँटीनवाला
दुपारी शेंगा बांधून देतो.

साहेब लाल पेन्सिलीनं
बातमीच्या कानात लिहितात: 'तातडीने'.
तेवढ्यावर जेसीबी हलतो.
सात रस्त्याचा खड्डा अकरा महिने नुसता खड्डा होता,
मग एका चॅनेलवाल्यानं त्यात कागदाची होडी सोडली
आणि संध्याकाळी ती 'धोरणात्मक बाब' झाली.
रात्री डांबर. सकाळी डांबराचं श्रेय
दोन पक्षांत, तीन फ्लेक्सवर.
शेजारचा खड्डा
अजून होडीची वाट बघतोय.

विडी घरकुलात पाणी येतं पाचव्या दिवशी,
रात्री दोन ते साडेतीन.
याचं कात्रण माझ्याकडं नाही.
केबलच्या इम्रान शाब्दीला विचारलं एकदा.
म्हणाला, "काका, दोनला उजेड कुठंय?
अंधारात बाई, अंधारात घागर.
काय दिसूलालंय त्यात?"
खोटं नव्हता बोलत.
मोर्चे सगळे अकराच्या उन्हात निघतात,
घागरीही तेव्हाच फुटतात,
रिकाम्या. भरलेली कोण फोडेल?

बुधवारी नरसूबाई बोद्दूल आली.
बोटांना तंबाखूचा वास,
अर्जाची सुरळी विडीच्या दोऱ्यानं बांधलेली.
"सायेब, हजार विड्या वळून बाराला पडते,
दोनला नळाला उठते.
पाणी पाच दिवसाला द्या, आठ दिवसाला द्या,
पण माणसाच्या टायमाला द्या की ओ."

अर्ज आवक खिडकीचा, माझा नाही.
तरी त्या दिवशी मी तो
दोन बातम्यांच्या मध्ये चिकटवला.
वर: पुलाला नाव कोणाचं, शहरात तणाव.
खाली: महोत्सवाला तारका येणार.
मध्ये नरसूबाईचं अक्षर,
म्हणजे तिच्या नातवाचं.

साहेबांनी वाचलं. माणूस वाईट नाही.
पेन्सिल उचलली, मग थांबले.
"हत्तुरे, हे कुठल्या पेपरात आलंय?"
आलं नाही, म्हणालो.
पेन्सिल परत कपात गेली.

मग मीच दिलं एका उपसंपादकाला, ओळखीच्या.
रविवारी छापून आलं:
'विडी घरकुलात पाण्यासाठी महिलांचा आक्रोश!'
आक्रोश?
ती तर माझ्या टेबलापाशी
चप्पल बाहेर काढून उभी होती.

पण आक्रोश चालला.
सोमवारी विरोधक गेले, मंगळवारी सत्ताधारी,
बुधवारी सर्वानुमते टँकर धोरण,
बारा टँकर, प्रत्येकावर हात जोडलेला एक चेहरा.
पहिला टँकर पोचला सकाळी अकराला, कॅमेऱ्यासकट.
नरसूबाई तेव्हा कारखान्याच्या रांगेत होती,
विड्या मोजून द्यायला.
नळ?
नळ दोनलाच.

आज ती टँकरची बातमी कापली, पाच कॉलमी, फोटोसह.
डिंक लावायला उलटी केली
तर मागं एक बारीक मजकूर,
माझ्याच कात्रीनं मधून तोडलेला:
'…व्हॉल्व्हची वेळ बदलण्यास वेगळा खर्च लागत
नाही, असे निवृत्त उपअभियंता श्री. म्हेत्रे यांनी…'

पुढचं खाली जमिनीवर होतं,
कपट्यांत, कुठंतरी.
मी वाकलो. थोडं शोधलंही.
डिंक वाळत आला होता
आणि दहाला पाच कमी होती.